लाकडाची रायफल

बासष्टच्या पुढचं वर्ष. सरकारचा हुकूम आला,
कॉलेजातल्या प्रत्येक धडधाकट पोराला परेड.
एवढ्या खांद्यांना रायफली पुरेनात,
म्हणून सीताबर्डीच्या सुताराकडून
सागाच्या करवून आणल्या दोनशे.
नवं पॉलिश, पहाटेचं दव,
बोटांना तांबूस डाग पडायचे, जेवतानाही दिसायचे.

मी सार्जंट. बाहीवर तीन पट्ट्या,
आईनं आधी उलट्या शिवलेल्या, मग उसवून सुलट.
तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचवा
लीलाधर काळबांडे. घर ऋद्धपूरकडचं, महानुभाव.
सक्करदऱ्याला मामाकडे राहायचा,
आणि भेटेल त्याला दंडवत म्हणायचा,
प्राचार्यांना, घंटा वाजवणाऱ्या गड्यालाही.

रायफल पुढे धरली
तर त्याचे हात बाजूलाच राहिले.
हट्टानं नाही.
पान भरलेलं असताना कोणी वाढायला आलं
की माणूस नुसता बघतो, तसं.

"लाकडाची तर हाय बे," मी दबक्या आवाजात म्हटलं,
"कोण मरून राहिलं हिच्यानं?"
"मला माहीत आहे लाकडाची आहे," तो म्हणाला,
"हाताला थोडीच माहीत आहे."

साहेब भला माणूस. मिशीत हसत जवळ आला.
"तुम्ही तर कृष्णाला मानता ना रे?
मग त्यानं अर्जुनाला काय सांगितलं?"
लीलाधरनं थोडा विचार केला.
"अर्जुनाला आधी रथ उभा करू दिला होता, सर."

मग कोणीच हसलं नाही.

असं मी आता सांगतो.
तेव्हा हसले होते सगळे. मीही.

रजिस्टरात 'नकार' हा शब्द माझ्या अक्षरात आहे,
वळणदार, त्या अक्षराला शाळेत बक्षीस होतं.
त्यावरून त्याची टर्म गेली,
टर्मवरून परीक्षा,
मामा रेल्वेत, त्यांना वरून विचारणा आली,
तेव्हा भाच्याची ट्रंक एका सकाळी ओट्यावर दिसली.
काटोलच्या मुलीकडच्यांनी सुपारी परत पाठवली,
सोबत चार ओळी, कुशल कळावे वगैरे.
आणि मामांच्या दारावर रात्रीतून कोणीतरी
हातभर अक्षरात लिहिलं : चिनी.

कोणी, ते मला विचारू नका.
चुना आमच्याच मैदानावरचा होता,
रांगा आखायचा.

पासष्टला ब्लॅकआऊट. मी गस्तीवर, शिट्टी गळ्यात.
इतवारीत एका फटीतून उजेड दिसला, दार ठोकलं.
आत लीलाधर, पोत्यांमध्ये, वात बारीक करून
काही लिहीत बसलेला.
मला ओळखलं. नाव नाही घेतलं.
फुंकर मारण्याआधी चिमणीजवळचा एक किडा
त्यानं पोस्टकार्डावर घेऊन खाली सोडला,
आणि मी उभा, शिट्टी तोंडात,
अंधार व्हायची वाट बघत.

मी बी.एस्सी. झालो. बँक. बढत्या. दोन मजली घर.
तो धान्याच्या दुकानात मापाडी,
एकोणचाळीस वर्षं.
त्याला पस्तावा झाला का, मला माहीत नाही.
लोक विचारतात तर मी म्हणतो, हो, झाला असेल.
असं म्हटलं की झोप लागते.

परवा गेलो होतो. काम नव्हतं,
जवस घेतलं अर्धा किलो.
दुकान आता मालकाच्या नातवाकडे, काटा बॅटरीचा,
लीलाधर कोपऱ्यात खुर्चीवर, बसण्यापुरता.
मोतीबिंदू झालेला. आवाजावरून मान वळवली,
उठला, कसाबसा,
आणि त्या पिठाळलेल्या फरशीवर
आडवा होऊन मला दंडवत घातला,
सगळ्यांना घालतो तसाच,
जास्त नाही, कमी नाही.

मला वाकायचं होतं. वाकणारच होतो.
पण टाच टाचेला लागली होती,
उजवा हात कपाळाशी,
बोटं जुळलेली, अंगठा आत.

दुकानातला पोरगा म्हणाला,
"काका, मिलिटरीत होते का जी तुम्ही?"