शेऱ्यासाठी दोन ओळी

पहिल्या मसुद्यात आम्ही लिहिलं होतं : कर्णनाद.
मेडिकलच्या तेवीस नंबर खोलीत
तो शब्द कुणी उचललाच नाही.
अजनी शेडचे तिरपुडे म्हणाले,
"हे काढ्याचं नाव हाये का?"
मग खोडून केलं : कानातला आवाज.
त्यावर मसाला चक्कीवरच्या कौसल्या बारापात्रे हसल्या,
"आवाज त साऱ्याइच्याच कानात जाते, बाई.
माह्या कानातून निंघते."
खोडायला जागा उरली नव्हती. तसंच छापलं.

प्रश्न पंचवीस, उत्तरं तीन.
हो म्हटलं तर चार, कधीकधी म्हटलं तर दोन,
नाही म्हटलं तर शून्य.
चौकट रिकामी ठेवता येत नाही.

वासुदेव हेडाऊ, वय एकसष्ट, गोळीबार चौक.
एकेचाळीस वर्षं माग. आता नाही.
नोव्हेंबरात आले, स्वेटर, मफलर,
मफलर इतका सावकाश सोडला
जणू आत कुणी निजलंय.

आवाजामुळे एकाग्र होणं कठीण जातं का?
"कशावर व्हाचं?"

आवाजामुळे घरच्यांवर चिडचिड होते का?
"माग चाले तवा ओरडूनच बोलत होतो.
तवा कोनी काही म्हनलं नाही.
आता तसंच बोललो त म्हनते, चिडले."

या आवाजापासून सुटका नाही असं वाटतं का?
ते भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत राहिले,
गोगलगाईसारखा तो आतला भाग, गुलाबी.
"माग भंगारात गेला. किलोनं.
मोजाच्या टायमाले मी तथीच होतो.
लोखंड मोजलं, लाकूड मोजलं.
आवाज कोनं मोजला नाही,
तो माह्याकडेच राह्यला."
मी 'हो'भोवती गोल केला. चार.

बेरीज बासष्ट. रकान्यात : तीव्र.

मग मे.
पांढरा सदरा, डोक्या-कानाला दुपट्टा, खिशात कांदा.
तेच पंचवीस प्रश्न.
यावेळी नाही, नाही, कधीकधी, नाही,
पेन्सिल माझ्या हातात हलकी झाली.
बेरीज चौतीस. सौम्य.
सरांनी आकडा दोनदा पाहिला,
गोळी लागू पडतेय म्हणाले, चहा सांगितला.

दाराशी मी विचारलं, फॉर्मच्या बाहेरचं,
काका, खरंच कमी झाला का आवाज?

"कमी कायचा? कूलर लावला ना.
नवा वाळा भरला, पोट्ट्यानं मोटर बदलवली.
पत्र्याचा डबा हाये, रातभर खडखडते,
त्याच्यात माह्यावाला बुडून जाते.
मस्त झोप लागते, बाई.
लाइट गेली का सारा मोहल्ला गर्मीनं उठते,
मी आवाजानं उठतो.
सारे गच्चीवर, मीबी गच्चीवर.
कोनाले फरक समजत नाही."

पंचवीस प्रश्नांत कूलर नाही.
ज्यांनी ते केले
त्यांच्या गावचा मे वेगळा असावा.

शेवटच्या पानावर शेऱ्यासाठी दोन ओळी असतात.
त्या संगणकात भरायच्या नसतात.
पहिल्या ओळीत मी लिहिलं : कूलर.
दुसरीत : पत्र्याचा, वाळा नवा, लाइट गेल्यास
आणि ओळ संपली.
सरांना सांगितलं. ते म्हणाले, हो, नोंद असू द्या.
चहा चांगला होता.

पुढची तारीख दिली, सहा नोव्हेंबर, सकाळी दहा.
हेडाऊंनी चिठ्ठीची चार घड्यांची पुडी केली,
कांद्याच्या खिशात ठेवली.
"तवा कूलर बंद राह्यते," म्हणाले,
तक्रार नव्हती त्यात, आठवण करून देत होते मला,
आणि दुपट्टा कानावरून घट्ट ओढून
उन्हात उतरले.