वीस मैलांच्या गावातून

पहाटे साडेचारला गाडी बाहेर काढली;
म्हणजे आम्ही तिघांनी ढकलली
आणि इडवल आत बसून म्हणत राहिला,
"हळू रे, शेजारी झोपलेत."
लाल हॅचबॅक, वय वर्षं अठ्ठावीस,
दारावर आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे ओरखडे.
मागची सीट हिवाळ्यातच काढली, वजन कमी करायला.
ती आता इडवलच्या आईच्या बैठकीत आहे.
तिच्यावर मांजर व्यालं.

टॅल त्याच्या शेजारी, नकाशा उघडून,
रस्ता एकच असला तरी.
चार टायर, जॅक, दोन थर्मास आणि मी
नेरिसच्या व्हॅनमध्ये.
ती रात्रपाळीवरून थेट आलेली, अंगाला अजून वॉर्डचा वास.
आमच्या मधल्या सीटवर तिच्या नवऱ्याचं हेल्मेट.
नवरा कार्डिफला गेला, दुसरीकडे; हेल्मेट राहिलं.
मागच्या बाजूला पिवळ्या अक्षरांत नाव: डेवी.
"पुसून का नाही टाकत?"
"डोक्यामागे आहे. मला कुठे दिसतं?"

डोंगरात धुकं. स्लेटच्या खाणींचे काळे ढीग.
रस्त्याच्या मधोमध मेंढ्या,
ओल्या, निवांत, कर भरून बसल्यासारख्या.
इडवलने हॉर्न वाजवला नाही.
खाली उतरून एकेकीला हाताने बाजूला केलं.

पूल ओलांडला आणि बेट सपाट पसरलं.
समुद्राच्या कडेला ट्रॅक, वाऱ्याने वाकलेलं गवत,
आणि लखलखत्या महागड्या गाड्यांच्या रांगेत आमची,
आवाजाच्या परीक्षेत दोनदा नापास.
टॅल नळदुरुस्तीवाला. भांडी घासायच्या तारेचा चोथा
त्याने एक्झॉस्टमध्ये कोंबला, पक्कडीने दाबला.
तिसऱ्यांदा पास. काठावर.

सूचना देणाऱ्या बाई म्हणाल्या,
"इथे शर्यत नाही. घड्याळ लावाल तर घरी पाठवीन.
मागून कुणी वेगात आलं तर इंडिकेटर द्या, वाट द्या.
त्यात कमीपणा नाही.
आणि जिथे बघाल तिथेच जाल, हे विसरू नका."

तिसऱ्या फेरीत इडवलने समुद्र पाहिला.
त्या वळणावर तो असा एकदम उभाच राहतो,
करडा, उघडा, जहाजबिहाज काही नसलेला.
पाहिला, आणि गेला त्याच्याकडे,
चाळीस पावलं, गवत उपटत.
गाडी थांबली ती उलट्या तोंडाने,
नाकात मूठभर बेट घेऊन.
लाल झेंडा. सगळा ट्रॅक त्याच्यासाठी थांबला.
दोरीने ओढत आणलं तेव्हा हा खिडकीतून हात हलवतोय
वरातीतल्या नवरदेवासारखा.

मग नेरिस. मी शेजारी, पट्टे आवळून,
पोटात न्याहारीचं अंडं तरंगत.
मला वाटायचं, वेग म्हणजे आवाज.
तिचे हात सलाईन लावावी तसे फिरत होते,
घाई नाही, दुसऱ्यांदा टोचणं नाही.
सरळ रेषेत ब्रेक. सोडला. वळली.
वळणाच्या मध्यावर तिने श्वास सोडला
आणि गाडीनेही.
नऊ जणांना वाट दिली.
दहावा आमच्या मागेच राहिला, तीन फेऱ्या,
काहीतरी उतरवून घेत असल्यासारखा.

पिटमध्ये तो मुद्दाम चालत आला, हिरव्या गाडीतला म्हातारा.
"डेवी, ती शेवटची तीन वळणं, काय घेतलीस रे!"
मी तोंड उघडलं. नेरिसने माझ्या पायावर पाय दिला
आणि हेल्मेट न काढता नुसती मान हलवली.
नंतर व्हॅनच्या आडोशाला ती बराच वेळ हसली.
शेवटी शेवटी ते हसणं नव्हतं.
मी थर्मासचं झाकण शोधत राहिलो.

परतताना गावागावांतून मर्यादा ताशी वीस मैल.
पुढे इडवल, बंपरमधून गवत लोंबतंय,
जळक्या ब्रेकचा वास आमच्यापर्यंत.
शाळेच्या भिंतीपाशी सायकलवरचा एक पोरगा,
रग्बीच्या सरावावरून घरी निघालेला, गुडघ्यापर्यंत चिखल,
आम्हाला मागे टाकून त्याच्या शेपटीला चिकटला.
इडवलने आरशात पाहिलं.
इंडिकेटर दिला.
वाट दिली.