वारा कुठून होता

पद्मादादाने एवढंच विचारलं.
मी अजून बॅगसुद्धा उघडली नव्हती.
दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
सेव-उसळीचं पार्सल पातेल्यात ओतत
मी सांगत होते ब्रिजटाउन,
आणि तो खिडकीकडे तोंड करून,
गुडघ्याला पट्टा, मांडीवर वही.

वही तीच.
तेव्हा मी दहाची, तो सतराचा.
आमच्याकडे दिवेलागण झाली की तिकडे सकाळ व्हायची.
रेडिओमागची तार हातात धरून मी
गॅलरीच्या कठड्याशी, एक पाय वर.
"हां, तिथंच. हलू नकोस, छबू."
हलले की अख्खं षटक बुडायचं.

खरखर यायची.
तो म्हणायचा, हा तिकडचा समुद्र.
बडोद्याला कुठला समुद्र!
सुरसागराचं हिरवं पाणी
आणि मगरींनी ठेवलेली विश्वामित्री,
एवढंच आमचं.
मी विश्वास ठेवला.
उत्तररात्री तीनला
समुद्र बंद करून आम्ही झोपायचो.

ऋजुताने टोरोंटोहून तिकीट काढलं,
"आत्या, चार दिवस चल, थंडी तरी चुकेल."
बेटाची राजधानी!
माझ्या कानात ती अहमदाबादच्या दुप्पट होती.
निघाली रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत.
मध्ये होड्यांनी भरलेली चिंचोळी खाडी, तिच्यावर पूल,
संसदेच्या मनोऱ्यावर घड्याळ
आणि खाली एक बाई
कसल्याशा सालीचं गार सरबत विकत बसलेली.
कडू जहर.
दोन ग्लास प्याले,
पैसे दिलेत तर संपवावंच म्हणून.
मक्याच्या पिठात भेंडी घोटून देतात तिथे, वर उडणारा मासा.
भेंडी ओळखीची निघाली.
मासा मी ऋजुताकडे सरकवला.

टॅक्सीवाल्याचं नाव रॉडरिक.
त्याला म्हटलं, आमच्या गावातून नदी जाते, नदीत मगरी,
पावसाळ्यात रस्त्यावर येतात,
आम्ही फोन करतो, मग माणसं येऊन उचलून नेतात.
इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.
मग त्याने दाखवली त्याच्या आजोबांच्या वेळची लाकडी घरं,
दगडांवर नुसती टेकलेली.
जमीन मालकाची, घर आपलं.
हाकललं की फळ्या सोडवायच्या, गाडीवर घालायच्या,
दुसऱ्या दगडांवर पुन्हा उभं राहायचं.
मला दादाचा जिना आठवला.
चार वर्षांत तो दोनदा उतरलाय,
दोन्ही वेळा दवाखान्यासाठी.

मैदानाला कुलूप.
रॉडरिक पहारेकऱ्याशी काहीतरी बोलला,
दहा मिनिटं मिळाली.
गवत.
रोलरला टेकून एक माणूस डबा खात होता.
मी वाट पाहिली खरखरीची.
मग किनाऱ्यावर गेले.
तिथला समुद्रही सुरसागरासारखा गप्प,
लहान मुलं त्यात पाठीवर पडलेली.
पन्नासहून जास्त वर्षांनी
मला दादाचा पहिल्यांदा राग आला.

हे त्याला सांगितलं नाही.
सांगितलं ते पूल, घड्याळ, भेंडी.
त्याने पुन्हा विचारलं.

कोण बघतं वारा!
मग टोपी आठवली.
नवी, बारा डॉलरची,
वाळूत उभी होते तर डोक्यावरून उडाली
आणि गेली सरळ पाण्यात, होड्यांच्याही पुढे.
"म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे," दादा म्हणाला.
"नक्की?"
"टोपी गेली की माझी."

त्याने वही उघडली.
पानाच्या कोपऱ्यात बाण होता,
समुद्राकडून मैदानाकडे, निळ्या शाईचा.
बराच वेळ बघत राहिला.
"म्हणजे आपला तो डावरा
चहापानानंतर सगळा वेळ वाऱ्याविरुद्ध टाकत होता.
आणि मी त्याला काय काय बोललो."

बाण खोडला नाही.
शेजारी उलटा दुसरा काढला,
पेन्सिलीने, हलक्या हाताने.
मग म्हणाला, उसळ गार होतेय,
आणि तर्री वेगळ्या पिशवीत दिलीय का, बघ.