पट्टा पडल्यावर

पट्टा पडला. परवा रात्री
भोंगा जरा जास्तच वेळ वाजला,
आणि सकाळी अंकलखोपच्या रस्त्यावर
चिरडलेल्या पाचटाशिवाय काही नव्हतं.

आता दिवाळीपर्यंत गाडी उभी.
दस्तगीर मिस्त्री आले, चपला काढून
गाडीखाली सरकले, नुसते पाय बाहेर,
आणि तिथूनच सांगत सुटले :
"टाकी गच्च भर. अर्धी ठेवलीस
तर वरच्या रिकाम्यात घाम धरतोय.
डिझेल नासत नाय गड्या, पोकळी नासवती."

तीन कॅन ओतले.
मग काळं ऑइल सोडलं. घमेल्यात ते
इतकं सावकाश पडत होतं
की मला एकशे चौदा खेपा आठवल्या,
एकशे पंधरावी घाटात बंद पडलेली.
हवेच्या टाकीचा कॉक उघडला तर
गाडीनं असा श्वास सोडला
की शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

सायलेन्सरच्या तोंडात चिंधी, वर दूध पावडरचा डबा.
(गेल्या साली कुंभारणीनं आत घर केलं होतं.)
वायरिंगजवळ तंबाखूची पानं, उंदरांसाठी.
मागच्या आक्सलखाली बाभळीचे ओंडके.

मी सवयीनं हँडब्रेक ओढला.
खालून पाना वाजला.
"सोड त्यो. सहा म्हयने आवळून ठेवलास
तर लायनर ड्रमला धरतंय.
मग हातोड्यानं बी सुटत नाय.
पुढच्या चाकाला दगड लाव, आन् सोड."

सोडला.

काचेवर अजून आहे : खोत बंधू.
आण्णाशी शेवटचं बोललो
त्याला दोन पट्टे झाले. कारण सांगण्यासारखं नाही,
विहिरीच्या पाळीचं होतं, एका बुधवारचं.

बॅटरी निघाली सगळ्यात शेवटी.
"हिला कोरड्यात ठेव," मिस्त्री म्हणाले.
माझ्या घराला नदी भिंतीतून भेटायला येते,
आषाढात फरशीवर पावलं उमटतात.
कोरडं घर आमच्यात एकच, वरच्या आळीला.
मिस्त्रींना ते ठाऊक होतं. नाव घेतलं नाही त्यांनी,
बोटं रॉकेलच्या फडक्यानं एकेक करून पुसत राहिले.

बॅटरीला कड्या दोन. एका माणसाचं ओझं नाही.
सन्मती शिकवणीहून येत होता, आण्णाचा धाकटा.
हाक मारली, तर दप्तर पाठीवर तसंच ठेवून
त्यानं दुसरी कडी धरली. तो बुटका,
सगळं वजन त्याच्याकडं कलायचं,
म्हणून मी वाकून चाललो,
अख्खी चढण.

वहिनीनं दार उघडलं, बाजूला झाली.
आण्णा आत शेंगा फोडत बसलेला.
बॅटरीकडं बघितलं. माझ्याकडं नाही.
"खाली नको. फळीवर."
मग जरा वेळानं, मांडीवरची टरफलं झटकून
स्वतःच फळी हुडकायला उठला.
माळ्यावर किती तरी वेळ खुडबुड चालली होती.
आम्ही दोघं कड्या धरून तसेच उभे.

रात्री ताडपत्री टाकताना केबिनमध्ये डोकावलो.
तारा काढल्या तेव्हाच काट्याचं घड्याळ थांबलेलं,
पाच वाजून दहा.
ताडपत्रीचा एक कोपरा बांधला नाही.
मिस्त्री म्हणाले होते,
वारा लागू दे.