मे महिन्याचं रजिस्टर

सीझन संपला की खेळ आकड्यांत जाऊन बसतो,
आणि आकडे माझ्याकडे.
गुडघ्यात दोन स्क्रू असलेल्या मुलीला
डाबरे सरांनी दिलेलं काम:
लिहीत जा. निदान हात तरी टीममध्ये राहू दे.

घाटकोपर. कॉलेजच्या तळघरातली जिम.
भिंतीपलीकडे जनरेटर, अलीकडे फाटकी मॅट.
प्लेटांवरचे किलो कधीच पुसले गेलेत;
आम्ही वजनं ओळखतो ती गंजावरून,
आणि एक निळी आहे, टवका उडालेली,
ती पायावर पडली तेव्हा कुणाची तरी अख्खी लीग गेली होती.

मृण्मयी तांडेल. डेडलिफ्ट. पंच्याऐंशी.
तिची पाठ सरळ करण्यात सरांचा एप्रिल संपला.
वेसाव्याला ती बर्फाची पेटी उचलते
कंबरेतून, एका हिसक्यात,
जशी आई उचलते.
सर म्हणाले, चूक आहे.
तिनं घरी जाऊन आईला दाखवलं, बरोबर कसं असतं ते:
आधी श्वास, मग टाचा, मग मांड्या.
आई म्हणाली,
एवरा येल लावलंस त बरफाचा पानी होल गो.

बीप टेस्ट ग्राउंडवर, सहाला,
कारण आठनंतर तिथे ॲडमिशनवाल्यांच्या गाड्या लागतात.
वीस मीटर. चुन्याच्या दोन रेघा.
फोन स्टीलच्या डब्यात ठेवायचा,
ही आमची साउंड सिस्टिम.
दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान उतरतं,
चाकं उघडी, पोट पांढरं,
आणि बीप बुडते.
तेवढ्यात रोशेल एक श्वास चोरते.
मी पाहिलंय. सरांनीही पाहिलंय.
ते वर बघत राहतात,
जणू विमानच नवव्या लेव्हलला आलंय.

अंडी मार्चपर्यंतच.
जिमखान्याचं बजेट टूर्नामेंटबरोबर संपतं,
स्नायूंना हे कुणी कळवलेलं नाही.
हुमैरा जरीमरीहून भिजवलेले चणे आणते,
पिशवीला गाठ मारून.
दोन सेटच्या मध्ये मुठी पुढे येतात.
कुणी किती घेतले, याला रकाना नाही.

शेवटी भिंत.
बोटांना खडू. उभ्यानं एक खूण,
उडी मारून दुसरी,
मधलं अंतर टेपनं.
वर्षानुवर्षं कुणी पुसत नाही, त्यामुळे
भिंत बोटांनी भरून गेलीय.
सगळ्यांच्या वर तीन बोटं, जराशी डावीकडे कललेली.
गेल्या मेमधली. माझी.
तेव्हा उजवा गुडघा नुसता गुडघा होता,
त्याची फाइल नव्हती.

हुमैरा झुलली नाही, मागे सरकली नाही,
होती तिथून वर गेली.
खाली आली तरी खडूची भुकटी
तिच्यामागून सावकाश उतरत होती.
माझ्या खुणेखाली नखाएवढी जागा.

किती?
अठ्ठेचाळीस.
आणि ती वरची कुणाची?
जुनी आहे.

सर स्टॉपवॉच कानाला लावून बघत होते.

परत मारू?

नियमानं तीन उड्या. ही तिसरी.
रकान्यात मात्र दोनच लिहिलेल्या दिसत होत्या,
माझ्याच अक्षरात.

मार, म्हटलं,
खडूचा तुकडा तिच्याकडे फेकला,
आणि टेपचं टोक धरून भिंतीशी खाली बसले,
एक पाय लांब करून.
बसता येतं आता, ऐंशी अंशांपर्यंत.
तो आकडा या रजिस्टरात नाही.