मागे कुणी नव्हतं

धोंडा आला मागून, नेमका टाचेच्या वर.
आवाजही आला, वाळकी फांदी मोडावी तसा.
वळले, शिवी ओठांवर तयार,
तर मागे कुणी नव्हतं.
राखाडी सामुद्रधुनी होती,
एका कुशीवर कललेलं गंजकं जहाज,
आणि वारा. पण पुन्ता अरेनासचा वारा
पाठीमागून वार करत नाही,
तो तोंडावर येतो.

पुढचं पाऊल टाकलं
तर जमीन जिथे असते तिथे नव्हती.

इथे वादळाच्या दिवसांत चौकाचौकांत दोर बांधतात,
माणसं उडून जाऊ नयेत म्हणून.
सव्वीस वर्षं पळाले, दोराला कधी हात लावला नाही.
टोपी एका हाताने, दोर दुसऱ्या हाताने धरणाऱ्या
पर्यटकांना हसलेही आहे.
त्या सकाळी धरला.
एका पायावर, बगळ्यासारखी,
दोन चौक, चाळीस मिनिटं.
चाळीस मिनिटांत मी आठ किलोमीटर जाते.
जात होते.

आल्मिरान्ते सोबत होता. काळा, कुणाचाच नसलेला कुत्रा,
मासळीबाजारापासून रोज माझ्या डावीकडून पळणारा.
त्याला वाटलं नवा खेळ आहे.
दोन उड्या मारून पुढे जाई, थांबे, बघे.

डॉक्टर मान्सिया पोरगेलासा. पालथं झोपवलं,
उजवी पोटरी दाबली:
पाऊल हललं, नंदीबैलाने मान डोलवावी तसं.
डावी दाबली.
पाऊल ऐकून न ऐकल्यासारखं.
पुन्हा दाबली.
मग त्याने हात पुसले आणि शिरेचं नाव सांगितलं.
घोडशीर.
माझ्या पायात घोडा होता
हे तो सुटून गेल्यावर कळलं.

आई चिलोए बेटावरची. तिच्याकडे दुखण्याला एकच उत्तर: बटाटा.
कच्च्या चकत्या केल्या, फडक्यात बांधल्या,
आणि प्लास्टर बघून क्षणभर थबकली.
मग प्लास्टरवरूनच बांधल्या.
"अगं, आत कसं जाणार?"
"जाईल की. घाई कुणाला आहे?"
आठवडाभर घरात ओल्या मातीचा वास.

खेकड्यांच्या कारखान्यात मला उंच स्टुलावर बसवलं,
लेबलं चिकटवायला. हात चालतात, पाय लोंबतो.
लोक येऊन विचारतात, कसं झालं?
काहीतरी सांगावं लागतं. खड्डा, मी म्हणते. बर्फ, म्हणते.
काहीच झालं नव्हतं, सपाट रस्ता होता,
मी चांगली पळत होते,
हे कुणाला सांगून पटत नाही.
मलाही.

साडेसहाला खिडकीखालून सगळे जातात.
यास्नाने पहिल्या आठवड्यात हात केला,
दुसऱ्या आठवड्यात नुसतं वर पाहिलं,
तिसऱ्यात तेही नाही. रागावले नाही.
पळताना माणूस आपल्या श्वासात असतो,
मीही किती खिडक्या अशाच मागे टाकल्या असतील.
पण तिच्या डावीकडून
आल्मिरान्ते पळत होता.
ते मात्र लागलं.
धोंड्याहून जास्त, आणि या वेळी
कोणी मारलं ते दिसत होतं.

रात्री स्वप्नात पळते. स्वप्नातही
टाच टेकवायच्या आधी जागी होते.

अकरावा आठवडा. प्लास्टर गेलंय, मग बूटही.
डावी पोटरी म्हणजे दुसऱ्याच कुणाची, काडी झालेली.
भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी,
टाचा उचलायच्या आहेत.
उजवी कधीच वर.
डावी थरथरते, घाम माझ्या कपाळाला.
"उचलली?" मी विचारते, मला कळत नाही.
आई गुडघ्यांवर हात टेकत खाली बसते,
चष्मा वर करते, टेबलावरचं विजेचं बिल घेते
आणि माझ्या टाचेखालून सरकवते.

"अडकलं," म्हणते.
"किती गेलं?"
"निम्मं."
"मग अडकलं काय म्हणतेस?"

बाहेर कुणाच्या तरी छताचा पत्रा वाजतो.
बिल तसंच राहू दे, मी म्हणते,
काढू नकोस,
अजून एकदा.