चिकट बाईचा मुलगा

शिकुतिमीला नदी गोठली की
ओनेझिमच्या मुठीही.
दाराची कडी धरली, तर बोटं सुटेपर्यंत
कडीशीच गप्पा मारत उभा.

आईचंही असंच होतं. गाव म्हणायचं, चिकट बाई,
हिच्या हातून पैसा सुटत नाही.
आजाराचं नाव कळलं ती गेल्यावर.

आता नर्स गिझलेन बजावते :
दमण्याआधी थांबायचं. घास लहान.
हृदयाचा आलेख दरवर्षी, चुकवायचा नाही.
हो हो, म्हणतो,
आणि बर्फाला भोक पाडायला मुलीला पुढे करतो.

गळ मात्र स्वतःच धरतो.
मासा निसटून केव्हाच खाली गेला,
दोरी मुठीत तशीच.

मुलगी हातमोजे काढते,
एकेक बोट चोळून, ऊब देऊन उलगडते.
मग पाठमोरी होऊन
आपली मूठ मिटते.
उघडते.
पुन्हा मिटते.